आधी बिऱ्हाड, मग मुख्यालय

सरकारी कर्मचारी मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहतो, असा ग्रामसभेचा ठराव जोडला की त्याचा घरभाडे भत्ता निघतो. मेळघाटातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत असे ठराव होतात, आणि तरीही संध्याकाळी परतवाड्याच्या दिशेने घाट उतरणाऱ्या मोटरसायकली थांबत नाहीत. गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीच्या बाजूला अंतरं मोठी, म्हणून तिथे हेच शनिवार-रविवारी होतं. मग वर्तमानपत्रात बातमी येते, नोटिसा निघतात, हजेरीचं नवं यंत्र बसतं. तरी शिक्षक आणि डॉक्टर गावात राहत नाहीत, आणि रात्री अकराला तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन आलेल्या बाईला कुलूप दिसतं.

माणूस मुख्यालयी टिकत नाही, कारण तिथे त्याचं बिऱ्हाड लागलेलं नसतं. बिऱ्हाड हुकमाने लागत नाही. त्याला वेळ लागतो, पैसा लागतो, शेजार लागतो आणि योग्य हंगाम लागतो. आपलं सरकार बदलीचा आदेश देतं, एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी देतं, बंधपत्र लिहून घेतं. बिऱ्हाड लागण्यासाठी मात्र काहीच करत नाही. याच मुलखात एका वर्गाने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती आणि तिच्यावर रीतसर खर्च केला होता. तो वर्ग म्हणजे परदेशातून आलेली मिशनरी कुटुंबं.

स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये पत्नीसह नागपूरला आले. रेल्वे नागपुरात पोचली १८६७ मध्ये, म्हणजे मुंबईपासूनचा सगळा प्रवास जनावरांच्या पायाने. कामठीच्या छावणीजवळ त्यांचं पहिलं ठाणं होतं. पुढे मेळघाटात कोरकू आदिवासींमध्ये मिशन आलं. परतवाड्याजवळचं कोठाऱ्याचं कुष्ठरुग्णालय त्यातलंच. वाशीमला आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरीला मिशनची हॉस्पिटलं उभी राहिली. ही माणसं धर्म सांगायला आली होती. त्यांच्या त्या हेतूशी मी सहमत नाही, त्यावर पुढे लिहितो. पण परक्या मुलखात घर कसं मांडायचं, हे त्यांनी अनुभवाने आणि जीव गमावून शिकून घेतलं होतं, आणि शिकलेलं नियमात बसवलं होतं.

त्यातला पहिला नियम भाषेचा. नवीन आलेल्या मिशनरीने सुरुवातीला भाषाच शिकायची, गुरुजी किंवा पंडित ठेवून रोज काही तास, आणि परीक्षा झाल्याशिवाय स्वतंत्र काम हाती घ्यायचं नाही, अशी बहुतेक मिशनांची रीत होती. बायकोनेही शिकायची. विल्यम केरींचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघालं, त्यामागे पंडित वैजनाथ शर्मा होते. हिस्लॉप यांनी परधानांच्या, म्हणजे गोंडांच्या भाटांच्या, तोंडची लिंगो या गोंड कथानायकाची गोंडी गाणी उतरवून ठेवली. ती त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये छापली गेली. कोरकूचं व्याकरण जॉन ड्रेक यांनी १९०३ मध्ये कलकत्त्याला छापलं. म्हणजे कोरकू शिकण्याचं साधन शंभर वर्षांहून जुनं आहे, आणि आज मेळघाटातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होणाऱ्या डॉक्टरच्या हातात कोरकूची चार पानंही पडत नाहीत.

इथे थोडं थांबून भाषेकडे नीट पाहायला हवं, कारण सगळा प्रश्न तिथेच अडतो. मेळघाटात बाजाराची भाषा हिंदी. अकोल्याचा किंवा अमरावतीचा डॉक्टर हिंदीत विचारतो, कोरकू बाई हिंदीत उत्तर देते. दोघांसाठीही ती दुसरी भाषा. "जुलाब होतात का" म्हटलं की मान हलते. किती वेळा, कधीपासून, लेकरू दूध ओढतं की नाही, हे त्या मानेच्या हलण्यात येत नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. कोरो म्हणजे माणूस, कोरकू म्हणजे माणसं, आणि दोनच माणसं असतील तर तिसरंच रूप. संस्कृतचं द्विवचन ज्याने शाळेत घोकलं आहे त्याला हे पटकन कळतं. ऐकणाऱ्याला धरून आपण आणि त्याला सोडून आम्ही, हा भेद कोरकूत आहे आणि मराठीतही आहे; इंग्रज मिशनऱ्याला जिथे धडपडावं लागलं, तिथे मराठी माणसाला कष्ट कमी. पाणी म्हणजे डा, खाणं म्हणजे जोम. अशा दोनशे शब्दांवर दवाखान्याचा निम्मा व्यवहार चालतो. गडचिरोलीत माडिया आणि गोंडी या द्राविडी कुळातल्या. तिथे पाणी येर. मेळघाटात शिकलेलं तिथे चालत नाही, म्हणून 'आदिवासी भाषेचं प्रशिक्षण' नावाचं एकच शिबिर नाशिकला किंवा पुण्याला घेऊन भागणार नाही. ज्या खोऱ्यात राहायचं, तिथलीच भाषा, तिथल्याच माणसाकडून.

भाषा नसली की काय होतं, त्याचं एक उदाहरण पुरे. तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की मेळघाटात तापलेल्या लोखंडाने पोटावर डाग देतात, त्याला डंबा म्हणतात. आई ते बाळ दवाखान्यात आणते तेव्हा पोटावरचे चट्टे झाकते. नवा डॉक्टर कपडा वर करतो, चिडतो, ओरडतो. ती बाई ते बाळ घेऊन परत जाते आणि पुढच्या बाळंतपणालाही येत नाही. भाषा येणारा माणूस आधी भुमक्याकडे (गावच्या वैदू-पुजाऱ्याकडे) कधी गेला होतात, काय सांगितलं, मग आराम पडला का, हे विचारतो, आणि बाळाचा श्वास मोजायला घेतो. औषध दोघांकडे तेच असतं.

आता घर. मिशनचे जुने बंगले पाहिले तर डोळ्यांत भरतं ते जोतं. दोन-तीन फूट उंच, चहूबाजूंनी ओसरी, जाड भिंती, वर कवेलू (कौलं), स्वयंपाकघर वेगळं. हा थाट वाटतो, पण उंच जोत्याने पावसाळ्यात ओल आणि सरपटणारे जीव घराबाहेर राहतात, आणि ओसरीने भिंतीवर ऊन पडत नाही. आपली शासकीय निवासस्थानं सपाट स्लॅबची. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत उष्णता खाली सोडतो. कूलर लावावा तर त्याला दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी लागतं, आणि मेमध्येच हापसा खडखडतो. पावसाळ्यात त्याच स्लॅबला भेगांतून झिरप. खिडकीला जाळी नसते. असली तर मोठ्या भोकांची, तिच्यातून डास सहज येतो. इंचाला सोळा-अठरा भोकांची जाळी हवी, आणि दाराला स्प्रिंगचं दुसरं जाळीचं दार. हे काम एका घराला सुताराचं दोन-तीन दिवसांचं आहे. कवेलूचं घर भाड्याने घेणाऱ्याने मेअखेर कवेलू फेरून घ्यायचे, कारण वानरं रोज चार फोडतात आणि पहिल्या पावसात ती जागा सापडते तेव्हा गादी भिजलेली असते.

झोपायचं खाटेवर, आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचून. ही सूचना डासांसाठी दिली जाते, पण विदर्भाच्या जंगलात ती मण्यारसाठीही तेवढीच आहे. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दाताची खूण जेमतेम दिसते. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, आणि घरचे अपचन समजून ओवा देत बसतात. औषधभारित मच्छरदाणी सावलीत वाळवायची. उन्हात टाकली की औषध लवकर जातं, आणि वारंवार धुतली तरी जातं. गडचिरोलीत फाल्सिपेरम मलेरिया असतो, तो डोक्यात गेला की दोन दिवसांत माणूस हातचा जातो. म्हणून ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं, स्वतःचंही. कर्मचाऱ्याच्या घरात हीच टाळाटाळ सर्वांत जास्त होते.

पाण्याचं थोडक्यात. उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यायचं. टाकीत ब्लिचिंग पावडर घालायची तर हजार लिटरला पाच ग्रॅम, आधी बादलीत कालवून निवळ तेवढी ओतायची, अर्धा तास थांबायचं, मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला का ते रंगावरून पाहण्याची चाचणी. पिवळा रंग आला नाही तर बहुतेक वेळा पावडरच मेलेली असते. पोतं उघडं ठेवून, दमट खोलीत, महिनाभर वापरलं की तिच्यातला क्लोरीन उडून जातो. वास येतो म्हणून पावडर चांगली, असं धरू नये.

आणि पावसाळ्याची भरती. भामरागडला पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की दिवसच्या दिवस संपर्क तुटतो. मेळघाटात नाले आणि दरडी. चार माणसांच्या घराला जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत सव्वा क्विंटल धान्य, पंचवीस किलो डाळ, पंधरा लिटर तेल, पाच किलो मीठ आणि तीन भरलेले सिलिंडर एवढं घरात हवं. गव्हापेक्षा तांदूळ जास्त घ्यावा, कारण वीज चार-चार दिवस नसते आणि चक्की बंद राहते. पीठ दळून साठवण्याची चूक प्रत्येक नवीन घर एकदा करतं. पावसाळी हवेत तीन आठवड्यांत पिठाला जाळी धरते. डाळीला एरंडेल चोळायचं, धान्यात कडुलिंबाचा पाला घालायचा. भाजी मात्र परतवाड्याहून आणू नये. पावसाळ्यात तरोट्याची पालेभाजी येते, गडचिरोलीकडे वास्ते (बांबूचे कोंब) आणि सात्या (अळंबी) येतात. त्या दारावर विकायला येणाऱ्या बाईकडून घेतल्या की चार रुपये गावात राहतात, आणि ओट्यावर बसून ती बाई जे सांगते ते कुठल्याही सर्वेक्षणात येत नाही.

या सगळ्यात सर्वांत मोठी चूक हंगामाची आहे, आणि ती सरकारची आहे. नवीन मिशनरी शक्यतो हिवाळ्याच्या तोंडावर देशात उतरत. पहिले चार महिने थंडीचे, कोरडे रस्ते, तंबू घेऊन गावोगाव दौरा, भाषा कानावर. उन्हाळ्यात मुलाबाळांसह चिखलदऱ्यासारख्या थंड ठिकाणी. पहिला पावसाळा अंगावर येईपर्यंत घर लागलेलं असे. आपल्याकडे बदल्यांचा कायदा सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये करायला सांगतो. म्हणजे कुटुंब जूनमध्ये पोचतं. पहिल्या आठवड्यात पाऊस, दुसऱ्यात वीज जाते, चौथ्यात लेकराला ताप, आणि ऑगस्टमध्ये बायको मुलांना घेऊन माहेरी जाते ती परत येत नाही. त्यानंतर तो माणूस अप-डाऊन करतो. तो कामचुकार होता म्हणून नव्हे. त्याला वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्यात, भाषेशिवाय, गळक्या घरात पाठवलं म्हणून.

अनुभवानेही पावसाळा पूर्ण कह्यात येत नाही, हे खरं. हिस्लॉप अठरा वर्षं या मुलखात काढून, ४ सप्टेंबर १८६३ रोजी नागपूरजवळच्या टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना पूर आलेल्या प्रवाहात बुडाले. जंगलातल्या नाल्याचा पूर चढतो तसा काही तासांत उतरतो. थांबणं एवढाच त्यावर उपाय आहे, आणि थांबायचं तर काठावरच्या गावात ओळखीचं घर असावं लागतं. ओळखीचं घर नसलेला माणूस घरी पोचायच्या घाईत पाण्यात उतरतो.

आता मिशनऱ्यांच्या चुका. त्यांनी बंगल्याभोवती कंपाउंड घातलं. आत शाळा, दवाखाना, बाटलेल्यांची घरं. आतला माणूस हळूहळू गावाचा राहिला नाही आणि मिशनवर अवलंबून राहिला. सेवेच्या मोबदल्यात धर्म मागितला जातो का, यावर इतका वाद झाला की १९५४ मध्ये, विदर्भ मध्य प्रदेशात असताना, तिथल्या सरकारने माजी न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. आजाऱ्याच्या खाटेपाशी धर्माची गोष्ट निघू नये, असं मला ठामपणे वाटतं. आणखी एक किंमत त्यांच्या मुलांनी मोजली. सहा-सात वर्षांचं मूल कोडाईकनालला किंवा मसुरीजवळच्या लंढौरला शाळेत पाठवायचं आणि वर्षातून एकदा भेटायचं, ही अनेक घरांची रीत होती. आज धारणीतला आरोग्य सहायक मुलांना अमरावतीला खोली करून ठेवतो, ते दुःख त्याच जातीचं आहे.

कंपाउंड न घालता राहता येतं, हे याच विदर्भात दाखवून झालं आहे. हेमलकसाला प्रकाश आणि मंदाकिनी आमटे १९७३ पासून राहिले. बैरागडला रवींद्र आणि स्मिता कोल्हे गावातल्यासारखं घर करून, शेती करून राहिले. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत दवाखाना बांधण्याआधी गोंड लोकांना विचारलं, तेव्हा मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहता यावं, देवी आमची असावी, असं उत्तर आलं. म्हणून त्यांच्या शोधग्राममधल्या दवाखान्यात झोपड्यांसारख्या खोल्या आणि माँ दंतेश्वरीचं नाव आहे. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, जी कौतुकाच्या भाषणांत राहून जाते. हे सगळे जोडीने गेले. एकटा माणूस काम करू शकतो, बिऱ्हाड मांडू शकत नाही.

पण सरकारी व्यवस्था असामान्य माणसांवर चालवता येत नाही. सामान्य डॉक्टर, सामान्य परिचारिका, सामान्य शिक्षक तिथे पाच वर्षं बऱ्यापैकी सुखाने राहील, असं बघायला हवं. त्यासाठी माझी मागणी साधी आहे. आदिवासी तालुक्यांतल्या बदल्या दिवाळीनंतर अमलात याव्यात. जुना माणूस पावसाळा काढूनच सुटावा, आणि नव्याने त्याच्याबरोबर एक महिना राहावं. म्हणजे मलेरियाच्या दिवसांत केंद्र रिकामं पडणार नाही. पहिले सहा महिने नव्याने सकाळी बाह्यरुग्ण विभाग पाहावा आणि दुपारी दोन तास भाषा शिकावी, गावातल्या माणसाकडून, शक्य तर आशा ताईकडून, तिला वेगळे पैसे देऊन. तासाला दोनशे रुपये धरले, महिन्याचे पंचवीस दिवस, तर सहा महिन्यांचे साठ हजार होतात. एमबीबीएसचं एक वर्षाचं बंधपत्र मोडणाऱ्याकडून आपण दहा लाख मागतो. राहणाऱ्यावर साठ हजार खर्च करायला काय हरकत आहे? बंधपत्राचं एक वर्षही अपुरंच. भाषा जिभेवर बसते तोवर माणूस परत निघतो. तीन पावसाळे ही किमान मुदत हवी, आणि तिच्या बदल्यात पदव्युत्तर प्रवेशात भरीव सवलत. पती-पत्नी एकत्रीकरण आदिवासी भागात विनंतीवर न ठेवता आपोआप व्हावं. ज्या जोडीदाराला सरकारी नोकरी नाही, त्याला आश्रमशाळेत किंवा केंद्रात मानधनाचं काम मिळावं, कारण दिवसभर कुलूपबंद खोलीत मोबाईलची रेंज शोधत बसलेली बाईच सर्वांत आधी परत जाते.

यावर एक आक्षेप योग्य आहे: बाहेरच्याला रुळवण्यापेक्षा स्थानिकालाच नेमा. नेमाच. कोरकू मुलगी एएनएम (आरोग्य केंद्राची परिचारिका) झाली तर तिला भाषाही शिकवायला नको आणि घरही. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या भागातल्या, पदांवर हा आग्रह धरलाच पाहिजे. पण वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सगळ्या जागा भरतील इतके कोरकू आणि माडिया डॉक्टर तयार व्हायला अजून काळ लागेल, आणि ते तयार व्हायला आज त्या मुलांना शिकवणारा शिक्षक गावात मुक्कामाला असावा लागतो. दुसरा आक्षेप पैशांचा: मिशनऱ्यांकडे परदेशी पैसा होता, नोकर होते, पाणक्या होता. होता. म्हणून मी बंगला आणि नोकर मागत नाही. जाळीचं दार, फेरलेले कवेलू, भाषेचा शिक्षक आणि नोव्हेंबरची तारीख मागतो आहे.

आणि एक वही. जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी लिहून ठेवलेली, केंद्राच्या साठा नोंदवहीइतकीच सक्तीची. कोणता नाला किती पावसात चढतो आणि किती वेळात उतरतो. त्या काठावर कोणाच्या घरी थांबता येतं. कोणत्या पाड्यातला भुमका गंभीर बाळ स्वतःहून दवाखान्यात पाठवतो आणि कोणाकडे आधी जाऊन बसावं लागतं. मोहफुलं वेचण्याच्या दिवसांत कोणतं गाव पहाटे तीनला रिकामं होऊन जंगलात मच्छरदाणीशिवाय झोपतं. क्वार्टरच्या स्लॅबला भेग कुठे आहे. चक्कीवाल्याचं घर कोणतं, आणि सुताराचं.